पन्ह्याचा पहिला पेला

(चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने ग्रामसंघाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च संपला. खातेवह्या पूर्ण झाल्या, लेखापरीक्षणाची धावपळ झाली, बँकेच्या चकरा झाल्या. गेला महिनाभर मी तुमच्या दारात आले ती रजिस्टर हातात घेऊनच. गल्लीतली पोरं मला "हप्तेवाली ताई" म्हणतात, तेही मला ठाऊक आहे! आज मात्र बचत, कर्ज, परतफेड यातलं काही बोलायचं नाही. आज उन्हाळ्यातल्या सुखाबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात कसलं आलंय सुख? हंडे, टँकर, करपलेली भाजी, अंगाची लाही. खरं आहे. वैशाख लागला की ते सगळं येणारच आहे. पण चैत्राचे हे पहिले दिवस बघा. दुपारी ऊन तापतं, तरी पहाटे अजून गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. कडुनिंब मोहरलेला असतो, त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी दारापर्यंत येतो. शेवगा शेंगांनी वाकलेला असतो. कैरी अजून कोवळी, कोय न धरलेली, मीठ-तिखट लावून खाण्याजोगी. आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. आपल्या दारात, परसात त्या आपसूक आलेल्या असतात.

माठाचंच घ्या. फ्रिज असलेल्या घरातसुद्धा उन्हातून आलेला माणूस माठाकडेच वळतो. माठाला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ कोंदट कोपऱ्यात ठेवू नका, सावलीत पण वारा लागेल असा ठेवा. बुडाखाली ओली वाळू घाला. बाहेरून साबण किंवा तेलकट हात लावू नका, छिद्रं बुजतात आणि माठ गार करेनासा होतो. धुवायचा तर काथ्याने आणि साध्या पाण्याने. आत वाळ्याची लहानशी जुडी टाकली की पाण्याला काय वास येतो!

मोगऱ्याचंही तसंच. ज्यांनी थंडीत झुडूप छाटलं, थोडे दिवस पाणी तोडलं आणि मग शेणखत घातलं, त्यांच्याकडे आता टोपलीभर कळ्या निघत असतील. ज्यांचं राहिलं त्यांनी पौषात आठवण ठेवा. पाण्याची ओढ असलेल्या गावात मी बागेला पाणी घाला म्हणून सांगणार नाही. पण मोरीचं पाणी तर रोज वाहून जातंच, नाही का? त्या वाटेवर अळू, कर्दळ, एखादी केळ लावली तर उन्हाळ्यातही परसात हिरवं दिसतं, आणि दारात डबकं साचत नाही हा फायदा वेगळाच.

आणि वाळवण! गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन वर यायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. एकटीचं हे काम नव्हेच. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, अशी सावड करूनच ते होतं. एक चीक हाटते, एक सोऱ्या दाबते, एक खाटेवरच्या धोतरावर कुरडया घालत जाते, आणि गप्पा तर सगळ्याच जणी करतात. पापडाची लाटी तेलात बुडवून खायची मजा आणि गरम चीक वर साखर घालून खायची मजा कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

पण आता मला सांगा, तो गरम चीक कोणाच्या ताटलीत जातो? आधी पोरांच्या. मग घरातल्या पुरुषांच्या. मग शेजारी वाटी जाते. आणि पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड आपली. खरवडही चवदार असते, मला मान्य आहे. पण दर वर्षी खरवडच का?

मागे काही गावांत आपण रांगोळीने दिनचर्येचं घड्याळ काढलं होतं, आठवतंय? अंगणात मोठं वर्तुळ, त्याचे चोवीस भाग, आणि कोणत्या तासाला आपण काय करतो ते दाण्यांनी, काड्यांनी, पानांनी दाखवायचं. पाणी, चूल, धुणं, शेत, जनावरं, पुन्हा चूल. वर्तुळ भरत गेलं. मी विचारलं, "यात नुसतं बसणं कुठे आहे?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "बसते की मी. भाजी निवडताना बसते." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या वर्तुळात बसण्यासाठी एकही दाणा ठेवला गेला नाही, हे खरं.

हे काही एका गावाचं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांत शंभरातले साधारण २६ जणच घरकामाला हात लावत होते, आणि जे लावत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटं. शेतातली मजुरी, स्वतःचा धंदा, समूहाची कामं हे सगळं या पाच तासांच्या वेगळं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की उन्हाळ्याचं हे सुख आपण घरासाठी तयार करतो, तर त्यातला एक वाटा आपलाही आहे. सगळ्यांचं उरकल्यावर उरलेला नव्हे, धड वाटा. आणि वाटा घ्यायचा तर थोडं काम दुसऱ्याच्या हातात द्यावं लागेल. माठ भरणं, झाडांना मोरीचं पाणी वळवणं, वाळवणाची राखण करणं, रात्री अंगणात बाजा टाकणं ही कामं दहा-बारा वर्षांच्या मुलाला सहज जमतात. मुलीला सांगतो तशी मुलालाही सांगा. घरच्या माणसालाही सांगा. पहिल्या दिवशी तोंड वाकडं होईल. चौथ्या दिवशी माठ आपोआप भरलेला असेल!

आता एक अवघड विषय. तो बोलल्याशिवाय आजचं बोलणं पुरं होणार नाही.

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. या महिन्यात कधीही सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करतात. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाची फोड, हातात मोगऱ्याचा गजरा. उन्हाळ्यातलं सगळ्यात गोड निमित्त. पण बोलावणं करताना कोणाला बोलवायचं नाही, हे न सांगताही सगळ्यांना माहीत असतं.

मी पाहिलेलं एक घर सांगते. गाव सांगत नाही. त्या मावशींच्या परसात मोगऱ्याच्या आठ-दहा झुडपांची रांग आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी पहाटे त्या कळ्या तोडून टोपली भरून देतात. दुपारभर आत बसून डाळ वाटतात. बाहेर सतरंजीवर बायका जमतात, गजरे वाटले जातात, आणि मावशी दाराच्या आतूनच पन्ह्याचे पेले पुढे करतात. त्यांचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझं काय आता बाई." त्या आवाजात तक्रार नव्हती. मला तेच जास्त लागलं.

याच मावशी समूहाच्या सदस्य आहेत. त्यांची बचत तुमच्याइतकीच, ठरावावर त्यांची सही तुमच्या सहीइतकीच वजनाची. आपल्या बचतीच्या रजिस्टरमध्ये सवाष्ण आणि विधवा असे दोन रकाने नाहीत. मग गजऱ्याच्या टोपलीत ते कशाला हवेत? मोगरा ज्या हातांनी वाढवला, त्या हातांना त्याचा वास वर्ज्य, हे कुठल्या देवाला आवडेल?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं पाऊल उचलायला सांगितलं. तेही आपल्यासारखंच गाव आहे. तिथेही "लोक काय म्हणतील" म्हणणारे असतीलच. तरी ठराव झाला.

मी कोणावर जबरदस्ती करा म्हणत नाही. आज्जी मंडळींच्या मनात भीती असते, वर्षानुवर्षांची सवय असते, तिचा मान ठेवू. कुंकू लावून घ्यायचं की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण तिला विचारायचं तरी आपण. आणि पन्हं, डाळ, गजरा, सतरंजीवरची जागा यासाठी तर विचारायचीही गरज नाही. ते सगळ्यांचंच.

तर या महिन्यासाठी तीन गोष्टी सुचवते. पटल्या तर इतिवृत्तात घ्या.

पहिली, चैत्रातली एक बैठक संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात घ्या. कामकाज आटोपलं की रजिस्टर मिटायचं आणि अर्धा तास नुसतं बसायचं. प्रत्येकीने एक कैरी आणि एक गुळाचा खडा आणायचा, म्हणजे एकीवर खर्च पडत नाही. कैऱ्या उकडा किंवा चुलीच्या आरात भाजा. एक वाटी गराला दीड-दोन वाट्या गूळ, चवीला मीठ, थोडी वेलची, आणि माठातलं गार पाणी. साखरेचा त्रास असलेल्या मावशींसाठी बिनगुळाचं, मीठ-जिऱ्याचं वेगळं काढून ठेवा.

दुसरी, बोलावणं "गावातल्या सर्व महिलांना" असं करा आणि तसंच लिहा. ज्या आजवर कधी आल्या नाहीत त्यांच्या घरी दोघी-तिघींनी जाऊन हाताला धरून आणा. नुसत्या निरोपावर त्या येणार नाहीत.

तिसरी, दिवसातला एक तास स्वतःचा ठरवा. दुपारी झाडाखाली अंग टाका, नाहीतर रात्री अंगणात चांदणं बघत पडा. पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे, कोणाला किती दिवस जमलं आणि कोणाला का जमलं नाही. जमलं नसेल तर त्यावर बोलू, जसं थकलेल्या हप्त्यावर आपण मिळून बोलतो.

आणि एक नियम. त्या संध्याकाळी पन्ह्याचा पहिला पेला जिने पन्हं केलं तिने प्यायचा. उभ्याने नाही, सतरंजीवर बसून. मग बाकीच्यांना.