दोन सुरांमधली वाट

ओझरच्या विमान कारखान्यात ज्यांची नोकरी झाली, त्यांना आवाजावरून यंत्राची तब्येत ओळखता येते. आज तेच कान गाण्याला लावू या.

१९८२ साली लंडनमध्ये ‘याझू’ या जोडीची पहिली तबकडी आली, ‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’. व्हिन्स क्लार्क सिंथेसायझरवर आणि गायला ॲलिसन मोये. त्याचं वाजवणं काटेकोर, थंड. तिचा गळा ब्लूजच्या वळणाचा, भरदार. मधेच एका तुकड्यात तर गाणंच नाही, नुसत्या बोलण्याचे थर एकावर एक चढवलेत! अशा तऱ्हेवाईक पोरांचं मला कौतुक आहे.

पण त्याच वर्षी मुंबईत याहून धाडसी काम झालं. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीनं काढली. जोडीला माणूस नाही, रोलँड कंपनीची यंत्रं: ठेक्याला टीआर-८०८, खर्जाच्या घोळण्याला टीबी-३०३, आणि ज्युपिटर-८.

‘पेटीसारख्या पट्ट्यांवर राग?’ असं कुणी म्हणेल. आक्षेप जुना आहे. आपल्या आकाशवाणीनंच १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं होतं, ते सत्तरच्या दशकात उघडलं. पेटीचे सूर पट्ट्यांत अडकलेले. एकावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, मींड घेता येत नाही. सिंथेसायझरला मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. या तबकडीवरचा भैरव लावा आणि सुरांपेक्षा त्यांच्या मधल्या वाटेकडे लक्ष द्या. सूर वळतोय, रेंगाळतोय, हे कळेल.

मग दुसऱ्यांदा ऐका, या खेपेला फक्त ठेका. तबलजी समेवर येतो, खाली दाखवतो, गायकाकडे बघून हसतो. इथे ठोक्यामागून ठोका, सगळे सारख्या वजनाचे. यंत्र कुणासाठी थांबत नाही. वर राग लवचीक, खाली ठेका ताठ: सगळी गंमत या ओढाताणीत आहे.

त्या वेळी तबकडी फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’शी तिची तुलना सुरू झाली, कारण तिथल्या पोरांनीही पुढे याच ३०३ वर नाचाचं संगीत उभं केलं. आधी कोण, हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. सिंग २०१५ मध्ये गेले.

माझी तक्रार वेगळी आहे. ललित हा पहाटेचा राग. त्याच्या दोन मध्यमांना एकमेकांशेजारी निवांत बसू द्यावं लागतं. इथे प्रत्येक रागाला जेमतेम पाच मिनिटं, त्यामुळे ललित घाईत उरकल्यासारखा वाटतो. कलावतीला ती घाई शोभते. म्हणून नवख्यांनी भैरवनंतर थेट कलावती ऐकावा, ललित नंतर.