टायमर मधोमध ठेवा
(कार्यकर्ता प्रशिक्षणातील भाषण)



जव्हार-मोखाड्याकडच्या एका पाड्यावर आमच्या बचतगटात १२ बाया आहेत. पूर्वी बैठकीत अध्यक्षबाई बोलत, नाहीतर दारात उभे असलेले पुरुष. एसटीची वेळ झाली की सगळे उठत. आता मोबाईलवर ३ मिनिटांचा टायमर लावून तो मधोमध पाटावर ठेवतो. बारा त्रिक छत्तीस. पाऊण तासात सगळ्यांचे बोलून होते. त्याला रेंजही लागत नाही, आपल्याकडे हे काही थोडे नाही!

ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांनाही पडद्यावरचे वर्तुळ कमी होताना दिसते. म्हणून फोन कार्यकर्त्याच्या हातात नको. हातात असला की "आता पुरे" हे कार्यकर्त्यालाच म्हणावे लागते, आणि बाई पुन्हा त्याच्याच तोंडाकडे बघू लागते.

कोणी गप्प राहिली तरी तिची मिनिटे दुसरीला देऊ नका. मागच्या बैठकीत एक विधवा बहीण दोन मिनिटे नुसती बसून होती. मग म्हणाली, मशीनवर अंगठा उमटत नाही, चार महिने रेशन नाही. टायमर वाजला. अध्यक्षबाईंनीच हात पुढे करून तो बंद केला आणि म्हणाल्या, "तू बोल गं."