विंटरचे व्रण, लेवानाचा चेहरा

(भुशी येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिमगौरीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. आरसा, सावत्र आई, विषारी सफरचंद, सात बुटके. आज ज्या कादंबरीबद्दल बोलणार आहे, तीही हिमगौरीचीच गोष्ट, फक्त ती चंद्रावर घडते. कादंबरीचं नाव 'विंटर', लेखिका अमेरिकेची मरिसा मेयर. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या मालिकेतली ही शेवटची कादंबरी, २०१५ साली आलेली, आठशेहून जास्त पानांची. आधीच्या तीन भागांत सिंड्रेला, लाल टोपीवाली आणि रापुन्झेल येऊन गेल्या. इथली सिंड्रेला म्हणजे सिंडर, नव्या बीजिंगच्या बाजारात यंत्रं दुरुस्त करणारी मेकॅनिक. तिचा एक हात आणि एक पाय धातूचा आहे.

पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून गोष्ट थोडी सांगते. चंद्रावरच्या लोकांकडे एक शक्ती असते. दुसऱ्याच्या मनाचा ताबा घ्यायचा, आपलं खोटं रूप त्याला दाखवायचं. राणी लेवाना याच जोरावर राज्य करते. बघणाऱ्याला ती जगातली सर्वांत देखणी बाई दिसते. पण आरसा आणि कॅमेरा या शक्तीला फसत नाहीत. म्हणून राजवाड्यात आरसे नाहीत आणि पडद्यावर बोलायचं झालं तर राणी तोंड झाकून घेते.

विंटर ही तिची सावत्र मुलगी. दुसऱ्याचं मन वाकवायचं नाही असं तिनं लहानपणीच ठरवलं आहे. पण शक्ती न वापरल्यानं तिचं डोकं बिघडत जातं. तिला भिंतींतून रक्त वाहताना दिसतं, आपलं अंग बर्फाचं झालंय असं वाटतं. दरबारी तिला वेडी म्हणतात. आपल्याकडेही नाही म्हणणाऱ्या बाईला लोक वेडी ठरवतात, पण लेखिका तेवढ्यावर थांबत नाही. विंटरचा आजार खरा आहे. त्याच्यावर एकच औषध आहे, इतरांना वाकवणं, आणि ती ते घेत नाही. किंमत मोजूनही घेत नाही.

आता व्रणांबद्दल. विंटर तेरा वर्षांची असताना लेवानानं तिच्या रूपाच्या मत्सरापोटी तिच्याच हातात सुरी देऊन तिला स्वतःचा गाल कापायला लावलं. तीन व्रण. स्वतःच्याच हातानं. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 'तिनं स्वतःच पेटवून घेतलं' हे वाक्य इथल्या किती जणींनी जळीत वॉर्डाच्या दारात ऐकलं असेल! हात तिचाच होता, पण तो कोणी चालवला हे कागदावर येत नाही.

व्रण विंटर एकटीच्या अंगावर नाहीत. सिंडर ही खरं तर लेवानाची भाची, गादीची वारस. ती लहान असताना लेवानानं तिला आगीत मारायचा प्रयत्न केला. धातूचा हात-पाय त्यातूनच आला. आणि लेवाना? तीही भाजलेलीच. लहानपणी तिच्या मोठ्या बहिणीनं मनाचा ताबा घेऊन तिला आगीत ढकललं. ते सुंदर रूप म्हणजे भाजलेल्या चेहऱ्यावर ओढलेला पडदा आहे.

तीन बायका, तिघींवर घरातल्याच माणसानं केलेला वार. विंटरच्या व्रणांनी तिच्या रूपात काही उणं येत नाही, हे पुस्तक पुन्हा पुन्हा सांगतं. सिंडरला आधी आपल्या धातूच्या अंगाची लाज वाटते, पुढे ती लाज टाकून लढते. लेवानाचं मात्र उलटं. सिंडरच्या यांत्रिक डोळ्यात तिचा खरा चेहरा टिपला जातो, तो सगळ्यांना पडद्यावर दाखवतात आणि तिथे राणी कोसळते. ती खुनी आहे, जुलमी आहे, तिचं राज्य जायलाच हवं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुलूम उघडा पाडायचा तर खून दाखवा, जन्मतःच आयांकडून काढून घेतलेली, शक्ती नसलेली मुलं दाखवा. भाजलेला चेहरा हा पुरावा कशाचा? आपल्याकडे २०१३ साली ॲसिड हल्ला हा वेगळा गुन्हा झाला, पण त्यातून वाचलेली मुलगी आजही ओढणी सोडून बाहेर पडायला कचरते. तिनं हा प्रसंग वाचला तर ती कुणाच्या जागी स्वतःला पाहील?

लेखिकेला हे अजिबात जाणवलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी आधी तिनं लेवानाच्या तरुणपणावर 'फेअरेस्ट' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. ग्रिम बंधूंपेक्षा हे बरं. त्यांच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं. सख्ख्या आईची अब्रू राखली आणि सावत्र आयांच्या माथी मारलं ते आजपर्यंत!

आणखी एक. पुस्तकात डोळा फसतो आणि कॅमेरा खरं बोलतो. इथे पावसाळ्यात रविवारी धरणाच्या पायऱ्यांवर चला, अगदी उलटं दिसेल. मका भाजणाऱ्या आपल्या पोरी गिऱ्हाईक नसलं की फोनमध्ये स्वतःला बघतात, आणि फोन त्यांना गोरं, गुळगुळीत करून दाखवतो. आरसे काढायला राणीची गरज उरली नाही.

शेवट मला मनापासून आवडला. चार मुली आणि चौघींना चार जोडीदार, हे जरा अतीच झालं. पण सिंडर राणी होते आणि राणीपदच मोडून चंद्रावर लोकांचं राज्य आणायचं ठरवते. परीकथेतली मुलगी गादीपर्यंत पोचते, ही मात्र गादीच काढायला निघते.

जेवणानंतर गटांत बसू, तेव्हा हे बोला: ही गोष्ट तुम्ही आपापल्या वस्तीतल्या मुलींना सांगितलीत, तर लेवानाचा चेहरा दाखवण्याचा प्रसंग कसा सांगाल? ठेवाल, की बदलाल?