गडावरची शिदोरी



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावेत असा तुमचा आग्रह झाला. मी काही वक्ती नव्हे. मला कळते ते स्वयंपाकघरातले. तेव्हा त्यातलेच सांगते.

आपण भोर-वेल्ह्याच्या बायका. रोहिडा, रायरेश्वर, राजगड, तोरणा हे आपले शेजारी. सुट्टी लागली की मुले गडावर निघतात आणि आपण वेफर्सची नि बिस्किटांची पाकिटे त्यांच्या पिशवीत घालून मोकळ्या होतो. मीही तशीच होते.

मागल्या हिवाळ्यात मुलीला नि तिच्या मैत्रिणींना घेऊन मी गुंजवण्याहून चोरदरवाज्याच्या वाटेने राजगड चढत होते. पहाटे नुसत्या चहावर निघालेलो. डबा पद्मावती माचीवर पोचल्यावरच उघडायचा, हा हुकूमही माझाच! कठड्याच्या अवघड टप्प्याखाली आमच्यातली धाकटी मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक, हात थरथरताहेत. वर कडा, खाली दरी. माझ्या पोटात धस्स झाले. वेफर्स तिला गिळवेनात. तेवढ्यात ताक विकायला वर निघालेल्या एक मावशी आल्या. त्यांनी कनवटीचा गुळाचा खडा नि मूठभर शेंगदाणे तिच्या हातावर ठेवले, घोट घोट पाणी पाजले. थोड्या वेळाने पोर उभी राहिली. मावशी मला म्हणाल्या, "बाई, भूक लागायच्या आधी खायला द्यावं."

हे वाक्य मी गाठीशी बांधले आहे. गूळ लवकर अंगी लागतो, दाण्यांतले तेल नि प्रथिने सावकाश पुरतात; म्हणून ही जोडी. शिवाय पिठूळ नि गोड पदार्थांच्या एका ग्रॅममागे सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९. म्हणजे ओझे थोडे, आधार मोठा. आपल्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. २०२३ साल जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या आज्यांना ते सांगावे लागले नव्हते!

आता कृती. नाचणीचे बिनपाकाचे लाडू : १ वाटी नाचणीचे पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत कोरडे भाजावे. कोमट झाल्यावर त्यात १ वाटी दाण्याचे कूट, पाव वाटी भाजलेले तीळ, १ वाटी किसलेला गूळ नि चिमूटभर सुंठ व मीठ घालावे. ३-४ चमचे पातळ तूप घालून मळावे नि सुपारीपेक्षा जरा मोठे लाडू वळावेत. वळत नसतील तर तूप थोडे वाढवावे. दूध-पाणी घालू नये, लाडू टिकत नाहीत.

खजुराच्या वड्या : ह्यांना शेगडीही नको. बिया काढलेला मऊ खजूर १ वाटी, दाण्याचे जाडसर कूट अर्धी वाटी नि २ चमचे तीळ एकत्र कुटावे, ताटात थापून वड्या पाडाव्यात. ओले खोबरे मात्र घालू नका. उन्हात लगेच आंबते.

घामाबरोबर मीठही जाते. म्हणून सोबत खारे फुटाणे नि मीठ लावून वाळवलेला आवळा द्यावा, पाणी भरपूर द्यावे. निघण्यापूर्वी पोहे किंवा भाकरी खावी. वाटेत तासाभराने एकेक लाडू. परक्या मुलांना देताना दाणे सोसतात ना, हे त्यांच्या आईला आधी विचारावे. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खावे. खाऊनही चक्कर थांबत नसेल, तर गड पुढल्या वेळी, माघारी फिरावे.

शिदोरी स्वच्छ फडक्यात किंवा डब्यात बांधा, म्हणजे गडावर कागद उडत राहणार नाहीत. नाचणीही शक्य तर वेल्ह्याकडच्या बाजारात डोंगरातल्या बायकांकडूनच घ्या.

त्या मावशींचे नाव विचारायचे त्या गडबडीत राहून गेले, ह्याची मला आजही चुटपूट आहे. पुढल्या खेपेला माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी लाडूंचा डबा असेल.