ओळखीपासून मैत्रीपर्यंत



पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला जेवण देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, की मुलगा मॉरिशसचा आहे, काविळीनं आजारी आहे आणि इथं त्याची काळजी घेणारं कुणी नाही. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. १९७१ मध्ये त्यांनी सिम्बायोसिस सुरू केली. आज ते नाव घेतलं की मोठं विद्यापीठ डोळ्यांसमोर येतं, पण सुरुवात झाली ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं सांस्कृतिक केंद्र म्हणून.

पुण्यात आज अफगाणिस्तान, येमेन, सुदान, टांझानिया, नेपाळ अशा कितीतरी देशांतली मुलं-मुली शिकतात. कुणी स्वतःच्या खर्चानं येतं, तर कुणी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. ही परिषद मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केली. मुलं येतात, शिकतात, पदवी घेऊन परततात. पण इथल्या मुलांशी त्यांची मैत्री होते का? ती व्हावी म्हणून इथल्या आणि परदेशी मुलांचे गट करण्याचा जो उपक्रम विद्यापीठात चालतो, त्याचं समन्वयाचं काम मी पाहते. त्याविषयी आज बोलणार आहे.

परदेशी विद्यार्थ्याचे पहिले काही आठवडे कागदपत्रांतच जातात. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. घरमालकानं २४ तासांत परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरायचा असतो. त्या फॉर्मच्या धास्तीनं अनेकजण खोलीच देत नाहीत. मग बँकेचं खातं, सिमकार्ड, मेस. या सगळ्यात इथले विद्यार्थी मनापासून मदत करतात आणि करायलाच हवी. पण स्टीफन बॉकनर या अभ्यासकानं १९७७ मध्येच एक निरीक्षण मांडलं होतं : परदेशी विद्यार्थ्यांची जवळची मैत्री आपल्याच देशातल्या मुलांशी असते आणि यजमान देशातल्या मुलांशी त्यांचं नातं बहुतेक करून कामापुरतं राहतं. आमच्याकडे हेच दिसतं. मदत झाली, आभार मानले, दोघं आपापल्या वाटेनं गेले. एकजण सतत देणारा आणि दुसरा सतत घेणारा असेल, तर घेणाऱ्याला संकोच होतो आणि देणाऱ्याला थकवा येतो.

म्हणून महिन्याभरात हे पारडं फिरवायचं, असं आम्ही ठरवलेलं आहे. काँगोहून आलेल्या मुलाचं शिक्षण फ्रेंचमधून झालेलं असतं, त्यानं फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायच्या. ज्या मुलीचं संख्याशास्त्र पक्कं आहे, तिनं गटातल्या मराठी मुलांना परीक्षेआधी गणितं समजावायची. ज्याच्याकडे कुणी काही मागितलं, तो त्या दिवसापासून पाहुणा राहत नाही.

गट करताना आणखी एक गोष्ट फार कामी येते. ‘स्थानिक विद्यार्थी’ म्हटलं की आपल्यासमोर सदाशिव पेठेतला किंवा कोथरूडमधला मुलगा येतो. प्रत्यक्षात वर्गातली कितीतरी मुलं लातूर, नंदुरबार, गडचिरोलीहून आलेली असतात, कॉट बेसिसवर राहतात आणि मेसच्या आमटीला कंटाळलेली असतात. त्यांनाही पुणं नवीनच असतं. इंग्रजी बोलताना त्यांची जीभ अडखळते. येमेनची मुलगी अरबी माध्यमातून शिकून आलेली असते, तिचीही अडखळते. कुणाचंच व्याकरण सफाईदार नसतं, म्हणून कुणी कुणाला हसत नाही. या मुलांची गट्टी सगळ्यांत लवकर जमते, हा माझा ठाम अनुभव आहे. सराईत इंग्रजी बोलणारी, शहरात मित्रांचा गोतावळा असलेली मुलं नाव उत्साहानं नोंदवतात, पण त्यांच्याकडे वेळ नसतो.

आणि मैत्रीला वेळच लागतो. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नव्यानं आलेले विद्यार्थी यांचा त्यानं अभ्यास केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष. आता आपल्याकडचा ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ आठवा. आपापल्या देशाचे पोशाख, नाच, भाषणं, फोटो. दिवस छान जातो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सुदानी मुलं एका टेबलावर आणि मराठी मुलं दुसऱ्या टेबलावर. असे दिवस बंद करावेत असं मी म्हणत नाही, पण उपक्रमाचे सगळे पैसे आणि सगळी शक्ती त्यांवर खर्च होणं मला पटत नाही.

त्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भेटणारे लहान गट बरे. गट चौघांचा असावा, दोन इथले आणि दोन बाहेरचे. दोघांच्याच जोडीत एकानं पाठ फिरवली की सगळं संपतं. नोंदणीच्या अर्जात आम्ही देश आणि भाषा विचारतोच, पण तासिका कधी संपतात, राहायला कुठं, काय खाता, काय खात नाही, हेही विचारतो. एकाच बसनं घरी जाणाऱ्या मुलांची मैत्री होण्याचा संभव जास्त, मग छंद जुळोत वा न जुळोत.

गटाला काम मात्र हवं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात सांगितलं, की दोन समाजांतली माणसं नुसती जवळ आल्यानं दुरावा जात नाही. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि संस्थेचं पाठबळ हवं. पुणेकरांना याचं उदाहरण शोधायला दूर जावं लागत नाही. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथं नवशिका तो नवशिकाच, मग तो मलावीचा असो की मंचरचा. ठोका चुकला तर सगळ्यांचाच चुकतो. रोज संध्याकाळी हात दुखेपर्यंत वाजवायचं, मग टपरीवर चहा. तास आपोआप साठत जातात. स्वयंपाकही असाच उपयोगी. इथिओपियाचा इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून करतात. तो तव्यावर जाळीदार होताना पाहिला की कोकणातल्या मुलीला आंबोळी आठवते, मग दोघीजणी पिठाच्या आंबण्यावर तासभर बोलतात. अशा वेळी समन्वयकानं तिथून उठून जावं.

सगळ्यांत अवघड दिवस दिवाळीच्या सुट्टीचे. वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद होते, गावाकडची मुलं एसटी पकडतात आणि परदेशी विद्यार्थी मागे राहतात. आजूबाजूला सगळं शहर उजळलेलं आणि आपल्याला जायला एकही घर नाही, ही अवस्था कुणाही मुलावर येऊ नये.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या मुलामुलींच्या वर्गात किंवा तुमच्या इमारतीत असा कुणी विद्यार्थी असेल, तर यंदा त्याला घरी बोलवा. काय खातो ते आधी विचारून घ्या. मुक्कामाला राहणार असेल तर तो माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्याला घाबरू नका. त्याच्यापुढे फराळाचं ताट ठेवून नुसतं बघत बसू नका, त्याला तुमच्याबरोबर करंज्या भरायला बसवा. आणि दिवाळी संपल्यावर पुढच्या रविवारीही त्याला बोलवा.