मोठी छायाचित्रे आणि मोबाइलची मेमरी

छायाचित्राची फाइल केवढी आहे, यावरून ते मोबाइलच्या मेमरीत किती जागा अडवील हे कळत नाही. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले ४००० बाय ३००० पिक्सेलचे छायाचित्र जेपेग फाइलमध्ये चार-पाच एमबीत मावते. पडद्यावर दाखवण्यासाठी मात्र ते उलगडावे लागते, आणि तेव्हा लाल, हिरवा, निळा व पारदर्शकता यांसाठी एकेक, असे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. १ कोटी २० लाख पिक्सेलचे झाले ४८ एमबी. फोटो मोकळ्या आभाळाचा असो की जत्रेतल्या गर्दीचा, फाइल लहानमोठी होईल. हा आकडा तोच राहतो. ‘क्वालिटी कमी करून सेव्ह करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला त्यामुळे नेट वाचवतो, मेमरी नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न थेट बांधावर पोचलेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, उभ्या पिकाचा फोटो जोडून करण्याची सोय झाली. पालघर जिल्ह्यातल्या भातखाचरात वापरला जाणारा फोन महागडा असेलच असे नाही. त्याच जिल्ह्यातल्या गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यातून तयार मालाचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवणाऱ्या ॲपचेही गणित वेगळे नसते.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला मेमरीची ठरावीक मर्यादा असते. अँड्रॉइड ३.० पासून ७.१ पर्यंत छायाचित्राचे पिक्सेल याच मर्यादेत मोजले जात. मर्यादा २५६ एमबी असली तरी पाच मूळ छायाचित्रे २४० एमबी खाऊन टाकत, आणि ॲप ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत बंद पडे. ८.० पासून पिक्सेल त्या मर्यादेबाहेरच्या मेमरीत गेले. दुखणे यामुळे बरे झाले नाही, फक्त त्याची जागा बदलली: फोनची एकूण मेमरी आटली की यंत्रणा ॲपच गुंडाळते, तेही पुष्कळदा काही न सांगता. आयफोनवरही असेच घडते.

उपाय एकच, आणि तो आधी करायचा असतो: पडद्याला लागेल तेवढेच उलगडणे. अँड्रॉइडच्या बिटमॅपफॅक्टरीत इनजस्टडीकोडबाउंड्स हा पर्याय चालू केला, की पिक्सेल न उलगडता नुसती लांबी-रुंदी मिळते. ती पाहून इनसॅम्पलसाइज ठरवायचे. ते २ ठेवले तर दोन्ही बाजू निम्म्या होतात आणि ४८ एमबीचे १२ होतात. ८ ठेवले तर ५०० बाय ३७५ पिक्सेलचे लहान चित्र पाऊण एमबीत बसते. दिलेला आकडा दोनच्या घातात नसला तर तो खालच्या घातावर आणला जातो, म्हणून ७ मागणाऱ्याच्या हाती ४ पडतात. १०८० पिक्सेल रुंद पडद्यासाठी ४००० पिक्सेल रुंदीचे चित्र चौथ्या हिश्शावर आणले तर किंचित अपुरे पडते. तिथे २ च बरे.

फोटो सरळ करताना हमखास फसगत होते. फोन आडवा-उभा कसा धरला होता हे एक्झिफ नोंदीत असते, आणि त्यानुसार चित्र फिरवताना दुसरी प्रत तयार होते. मूळ आकारातच फिरवले तर काही क्षण ९६ एमबी गुंतून पडतात. म्हणून आधी लहान करावे, मग फिरवावे. लहान केलेले चित्र नव्याने जेपेगमध्ये साठवताना एक्झिफमधले अक्षांश-रेखांश आपोआप पुढे जात नाहीत. पीक कुठल्या शेतातले हेच दाखवायचे असेल, तर ती नोंद वेगळी उतरवून घ्यावी लागते.

छायाचित्रांच्या लांबलचक यादीसाठी ग्लाइड किंवा कॉइल यांसारखी तयार लायब्ररी घ्यावी. चौकटीच्या मापाने उलगडणे, नजरेआड गेलेल्या चित्राची जागा पुन्हा वापरणे, कॅशला मर्यादा घालणे ही कामे ती करते, आणि ती हाताने लिहिण्यात फारसे शहाणपण नाही. मॅनिफेस्टमध्ये लार्जहीप मागणे ही निव्वळ मलमपट्टी. पडदा फिरवल्यावर जुनी ॲक्टिव्हिटी एखाद्या स्टॅटिक चलात अडकून राहत असेल, तर तिच्यासोबत तिची चित्रेही अडकतात. तिथे कितीही मेमरी दिली तरी पुरत नाही.

जमिनीच्या नकाशांची गोष्ट निराळी, कारण तिथे बारीक रेघ वाचता आली पाहिजे आणि लहान करून भागत नाही. ए-शून्य मापाचा कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर सुमारे ९९३३ बाय १४०४३ पिक्सेल होतात. उलगडल्यावर साधारण ५५८ एमबी. अशा वेळी बिटमॅपरीजनडीकोडर वापरून बोटाखाली आलेला तुकडाच उलगडतात, आणि पूर्ण नकाशा दाखवायचा तेव्हा लहान केलेली प्रत वापरतात. नकाशा पीडीएफमध्ये असेल तर हा मार्ग चालत नाही. पीडीएफरेंडररला पडद्याच्या मापाचा बिटमॅप देऊन हवा तेवढाच भाग त्यावर उतरवून घ्यावा लागतो, आणि नकाशा सरकवला की तोच बिटमॅप पुसून पुन्हा वापरता येतो.