इतिहास घेतला, आता पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घुग्घुसमध्ये मुलगा आयटीआय झाला की बाप चारचौघांत सांगतो. पोरगा इतिहास घेऊन बी.ए. झाला, तर मात्र 'शिकतोय अजून' म्हणून विषय बदलतो. कोळसा आणि सिमेंटच्या गावात हे साहजिक आहे. मीही इतिहासाचाच बी.ए. असल्यामुळे 'आता पुढे काय?' हा प्रश्न मी पस्तीस वर्षांपूर्वी ऐकला आहे.

नेहमीच्या वाटा थोडक्यात सांगतो. बी.एड. करून शिक्षक होता येतं. एम.ए. आणि नेट किंवा सेट झालं तर प्राध्यापकीसाठी अर्ज करता येतो. जागा निघतात तेव्हा. स्पर्धा परीक्षेत इतिहास उपयोगी पडतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यात तो वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. पण सात-सात वर्षं अभ्यासिकेत घालवणारी मुलं मी पाहतो, आणि मला त्यांची काळजी वाटते. परीक्षा जरूर द्या, सोबत हाताला दुसरं काही ठेवा.

ते दुसरं म्हणजे काय? पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. २०२३ मध्ये मराठवाड्यात आणि मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. तोवर त्यांना कोण विचारत होतं? आणि ताडोबाला येणारा पर्यटक वाघ पाहून परत जातो. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, भद्रावतीची विजासन लेणी, वैनगंगेकाठचं मार्कंडा त्याला नीट कोणी दाखवत नाही. इको-प्रोच्या स्वयंसेवकांनी २०१७ पासून किल्ल्यातली झुडपं काढली. आता तिथली गोष्ट सांगणारे हवेत.

पण मला आज खरं बोलायचं आहे ते कागदांबद्दल. आपल्या जिल्ह्यांत इतिहास तहसीलच्या अभिलेख कक्षात बांधून ठेवलेला आहे. वनहक्क कायद्यात बिगर आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे थेट १९३० पर्यंत मागे जायचं. निस्तार पत्रक, बंदोबस्त मिसल, वाजिब-उल-अर्ज, १९०९ चं चांदा गॅझेटियर हे सगळं पुरावा म्हणून उपयोगी पडतं. ते शोधून, वाचून, दाव्याला जोडून कोण देणार? जातवैधतेचंही तसंच. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो.

आमच्या घरचंच सांगतो. आम्ही पिंजारी. पुतणीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि वैधतेवर गाडी अडली. भावाने तीन महिने खेटे घातले. सगळीकडे उत्तर एकच, नोंद नाही. मुलगी म्हणू लागली, "बडे अब्बा, मी बी.एस्सी.च करते." शेवटी शेजारच्या एका मुलाने, तोही इतिहासाचा बी.ए., मला विचारलं, "काका, तुमचे आजोबा मूळचे कुठले?" मी म्हटलं, राजुऱ्याकडचे. तो म्हणाला, "मग चांद्यात कशाला शोधता? राजुरा तेव्हा निजामाकडे होतं."

मी कपाळावर हात मारला. बल्लारपूरहून वर्धेचा पूल ओलांडला की लागणारा तो तालुका हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये आपल्या जिल्ह्यात आला. परीक्षेत यावर मी पाच गुणांचं उत्तरही लिहिलं असेल. माझ्याच आजोबांशी त्याचा संबंध मला कधी जोडता आला नाही.

आम्ही दोघं एस.टी.ने गावच्या शाळेत गेलो. जुनं दाखल-खारीज उर्दूत होतं, म्हणून कोणी उघडतच नव्हतं. मी पानं वाचत गेलो. 'पिंजारी' कुठेच दिसेना. आजोबांचं नाव सापडलं, पुढे शब्द होता 'नद्दाफ'. तोही कापूस पिंजणाराच. निजामाच्या दप्तराने आमचा धंदा त्याच्या भाषेत लिहिला होता. शासनाच्या यादीत पिंजारी आणि नदाफ एकत्रच आहेत. साक्षांकित नक्कल निघाली, भाषांतर जोडलं, आणि पुतणीचा प्रवेश वाचला.

या कामाला सरकारी पद नाही, पगार नाही. कामागणिक पैसे मिळतात आणि कधी बुडतातही. त्या मुलाने माझ्याकडून फक्त एस.टी.चं भाडं घेतलं, ते मला आवडलं नाही. वकील फी घेतो, अर्जनवीस घेतो, मग याने का घेऊ नये? आता तो घेतो. राजुरा, जिवतीकडची माणसं त्याला शोधत येतात. दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे उर्दू शिकायला बसतो. छापील अक्षर वाचू लागला आहे, जुन्या कारकुनांच्या घसीट अक्षराशी अडतो. राज्यसेवेचा अर्जही त्याने भरला आहेच.